टेलव्हीलचा पाटा: एक जाड, दोन पातळ की गोल दांडा?

किटचं, म्हणजे सुटे भाग आणून स्वतः जोडायचं विमान बांधून होत आलं, किंवा बांधून झालेल्या विमानाचा मागचा पाटा (शेपटीखालच्या छोट्या चाकाला, टेलव्हीलला, धरणारी पोलादी स्प्रिंगची पट्टी) पहिल्याच हंगामात कायमचा वाकून बसला, की मालकासमोर तीन-चार पर्याय उभे राहतात. जाड पाटा टाकायचा, आहे त्यावर दुसरा चढवायचा, सगळंच काढून गोल दांडा बसवायचा, नाहीतर काचतंतूंचा घ्यायचा. माझं मत आधीच सांगून टाकतो: मूळ विमान पाट्याचं असेल तर बहुतेकांनी त्याच जाडीचा दुसरा पाटा चढवावा. एकच जाड पाटा टाकणं मला पटत नाही. का पटत नाही, ते आकडे मांडून दाखवतो, म्हणजे माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज उरणार नाही.

खानदेशात हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. धुळे, शिरपूर, जळगाव या तिन्ही ठिकाणी धावपट्ट्या आहेत. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं टीएसी-००३ हे विमान २०२० साली धुळ्याहून उडालं. शिवाय धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रकचे कमानपाटे भरून देणारे कारागीर हाकेच्या अंतरावर. त्यांच्यापुढे विमानाचा पाटा ठेवला की उत्तर तयार असतं, ‘जाड टाका भाऊ, पुन्हा बघायला लागणार नाही.’ ट्रकच्या बाबतीत सल्ला चुकीचा नाही. पाच-दहा टन तोलणाऱ्या पोलादी चासीला त्याने काही होत नाही. आपल्या विमानाची शेपटी म्हणजे पातळ नळ्यांचा सांगाडा, नाहीतर अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा पत्रा आणि रिवेट. पाटा वाकला नाही तर वाकण्याचं काम तिच्यावर येतं.

आता हिशेब. समजा पाटा ३८ मिमी रुंद आहे आणि त्याला शेपटीशी आवळून धरणाऱ्या क्लॅम्पच्या कडेपासून चाकापर्यंत ३५० मिमी बाहेर निघालेला आहे. विमान उभं असताना टेलव्हीलवर ४० किलो भार, आणि धडका बसणाऱ्या लँडिंगमध्ये त्याच्या तिप्पट, म्हणजे १२० किलो. एका टोकाला घट्ट धरलेल्या पट्टीचं साधं सूत्र लावलं की असं येतं:

| पाटा | १२० किलोला किती वाकतो | पोलादावरचा ताण | वजन |
|---|---|---|---|
| एक, ६ मिमी | सुमारे १२० मिमी | सुमारे १८०० मेगापास्कल | ०.६३ किलो |
| एक, ८ मिमी | सुमारे ५० मिमी | सुमारे १००० मेगापास्कल | ०.८४ किलो |
| दोन, प्रत्येकी ६ मिमी | सुमारे ६० मिमी | सुमारे ९०० मेगापास्कल | १.२५ किलो |
| एक, १० मिमी | सुमारे २६ मिमी | सुमारे ६५० मेगापास्कल | १.०४ किलो |

नीट पाणी दिलेलं स्प्रिंगचं पोलाद साधारण ११०० ते १३०० मेगापास्कलला कायमचं वाकायला लागतं. म्हणजे पहिली ओळ सरळ बाद. असा पाटा बसणारच. उरलेल्या तिघांत वरवर पाहता १० मिमीचा सरस दिसतो: ताण सर्वांत कमी आणि वजन दोन पाट्यांपेक्षाही कमी. फसगत होते ती इथेच. तक्त्यात सगळ्यांवर १२० किलोच भार धरला आहे, पण लँडिंगमध्ये भार आधी ठरलेला नसतो. ठरलेली असते ती उंचीवरून आदळण्याची ऊर्जा, आणि ती पाट्याला वाकून पोटात घ्यावी लागते. कमी वाकणारा पाटा तीच ऊर्जा थोड्या अंतरात घेतो, म्हणून जास्त जोर लावतो. जी आदळ दोन पातळ पाट्यांत १२० किलोचा जोर निर्माण करते, तीच १० मिमीच्या एका पाट्यात सुमारे १८० किलोचा करते. दीडपट जोर थेट टेलपोस्टवर (शेपटीच्या टोकाच्या उभ्या खांबावर), मागच्या बल्कहेडवर (धडातल्या आडव्या चौकटीवर), बोल्टच्या भोकांवर. आणि त्या जोराला त्या जाड पाट्यावरचा ताणही ६५० राहत नाही. तो ९९० च्या आसपास जातो, दोन पाट्यांच्या ९०० पेक्षा जास्त. म्हणजे शेपटीला जास्त मार बसतो आणि पाट्याचंही आयुष्य वाढत नाही. टायरची आणि मागच्या फ्यूजलाजची, म्हणजे विमानाच्या धडाची, लवचीकता यात धरलेली नाही, ती धरली तर फरक थोडा निवळतो, दिशा बदलत नाही.

जाडीचा नियम इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी चौथ्या हिश्शाने वाढवली की पाटा जवळपास दुप्पट कडक होतो. पाट्यांची संख्या वाढवली की कडकपणा नुसता बेरजेने वाढतो आणि ताण वाटला जातो. पायपर कब या जुन्या, छोट्या अमेरिकी विमानापासून टेलव्हीलला अनेक पानांचा पाटा का वापरत आले, त्याचं हेच कारण.

पोलादाच्या जातीबद्दलही एक गैरसमज कारखान्यांत पक्का बसलेला असतो. ‘ईएन ४५ ऐवजी ईएन ४७ टाका, कडक होईल.’ कडक होत नाही. सगळ्या पोलादांचा लवचीकतेचा गुणांक जवळपास सारखाच असतो, दोनशे ते दोनशे दहा गिगापास्कल. चांगल्या जातीचा आणि नीट पाणी दिलेला पाटा तितकाच वाकतो, फक्त परत सरळ येतो आणि उशिरा थकतो. तेवढा फायदा पैसे मोजण्याजोगा आहेच.

मग दुसरा पाटा चढवायचा तर कुठे आणि कसा? चाकावर भार आला की टोक वर जातं, म्हणून मदतीचा पाटा मुख्य पाट्याच्या वर हवा. खाली लावला तर मुख्य पाटा त्याला सोडून वर निघून जातो आणि तो नुसता लटकत राहतो. वर हिशेबात दोन्ही पूर्ण लांबीचे धरले आहेत. प्रत्यक्षात वरचा थोडा आखूड ठेवतात, आणि मग त्याच्या टोकाची कडा खालच्या पाट्यात रुतते. ते टोक घासून उतरतं करा, कोपरे गोल करा, खालची धार मोडा. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि पाट्याचं आयुष्य बरंचसं त्यावर अवलंबून आहे.

पाटा तुटतो कुठे हे पाहायचं असेल तर क्लॅम्प सोडून पाटा उताणा करा आणि उजेडात धरा. क्लॅम्पच्या मागच्या कडेच्या रेषेत तांबूस पूड दिसेल, गंजापेक्षा बारीक, बोटाला मेंदीसारखी लागणारी. ती पाटा आणि क्लॅम्प एकमेकांवर घासल्याची पूड आहे. ती पुसली की खाली बारीक खळगे दिसतात आणि तडा त्यातल्याच एखाद्या खळग्यापासून सुरू होतो, बहुतेक वेळा खालच्या अंगाला, कारण ताणली जाणारी बाजू तीच. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. लाल रंगाचा डाय पेनेट्रंट आणि पांढरा डेव्हलपर मारला की केसासारखी लाल रेघ उमटते. रेघ दिसली की तो पाटा भंगारात.

आणि तडा गेलेला पाटा वेल्डिंगने सांधू नये, हे धडधडीत दिसत असूनही पुन्हा सांगतो. वेल्डिंगने पाणी उतरतं आणि शेजारची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते. बसलेला पाटा भट्टीत लाल करून पुन्हा बाक देणं, जादा भोक पाडणं, चमक यावी म्हणून झिंक किंवा क्रोमचं प्लेटिंग करणं, हे तिन्हीही टाळा. प्लेटिंगमध्ये हायड्रोजन पोलादात शिरतो आणि नंतर भट्टीत बेक केलं नाही तर पाटा एक दिवस काही न सांगता तुटतो. रंग पुरेसा आहे.

महामार्गावरच्या पाटेवाल्यांकडून मग काय करून घ्यावं? यू-बोल्टच्या पट्ट्या, क्लॅम्पच्या प्लेटा, मोजून घासलेली पाचर. हात त्यांचा साफ असतो, जाडी बोटाने ओळखतात. ट्रकच्या पाट्याचं पोलादही वाईट नसतं, पण तो पाटा आपल्याला लागतो त्याच्या जवळपास दुप्पट जाड असतो, आधीच लाखो खड्डे खाऊन थकलेला असतो, आणि घासून पातळ करताना गरम झाला की पाणी कितपत राहिलं हे कुणालाच कळत नाही. मुख्य पाटा मात्र किटवाल्या कंपनीकडून किंवा विमानाचे पाटे बनवणाऱ्याकडूनच घ्या.

गोल, निमुळत्या दांड्याचा पर्याय वॅन्स या अमेरिकी किट कंपनीच्या आरव्ही मालिकेतल्या टेलव्हील विमानांत दिसतो. हलका, हवेला कमी अडवणारा, देखणा. त्याला आडवी लवचीकता उभीइतकीच असते, तर चपटा पाटा आडव्या बाजूने ताठ राहतो. डांबरी धावपट्टीवर दोन्ही चालतात. पण दांडा मजबूत करायची सोय नसते, बदलायचाच असतो, आणि पाट्यासाठी बांधलेल्या शेपटीला त्याची खोबण बसवायची म्हणजे रचनेतच हात घालायचा. मूळ किट दांड्याचं असेल तर दांडाच ठेवा. पाट्याचं विमान त्यासाठी फोडू नका.

काचतंतूंचा पाटा गंजत नाही, वजनाच्या मानाने पुष्कळ ऊर्जा पोटात घेतो. माझी अडचण उन्हाची आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो आणि उन्हात उभ्या विमानाचा गडद रंगाचा भाग त्याहून कितीतरी जास्त तापतो. साध्या तापमानाला घट्ट झालेला इपॉक्सी अशा वेळी मऊ पडायला लागतो आणि बोल्टचं भोक लंबगोल होतं. भट्टीत पक्का केलेला, पांढरा रंगवलेला आणि विमान कायम हँगरमध्ये राहणार असेल, तरच विचार करा.

कोणताही पर्याय घ्या, त्याआधी किंगपिनचा, म्हणजे टेलव्हील ज्या उभ्या खिळीभोवती डावी-उजवीकडे वळतं तिचा, कोन मोजा. बरेच पाटे निव्वळ चाक थरथरतं म्हणून बदलले जातात आणि नव्या पाट्यावरही चाक थरथरतं. सपाट जागी विमान तीन चाकांवर उभं करा, वैमानिक आत बसवा, टाकी अर्धी भरा आणि बाजूने ओळंबा सोडा. किंगपिन उभा हवा, किंवा त्याचं वरचं टोक किंचित शेपटीकडे झुकलेलं. पाटा बसला की टोक वर फिरतं आणि किंगपिन वरून नाकाकडे झुकतो. चाकाची फरपट (किंगपिनच्या रेषेमागे चाक जितकं ओढलं जातं ते अंतर) कमी होते आणि ते थरथरायला लागतं. कोन दोन-तीन अंशांनीच चुकला असेल आणि पाट्याला तडा नसेल, तर फ्यूजलाज आणि पाटा यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची पाचर घाला, जाड बाजू मागे. सगळ्यांत स्वस्त उपाय हाच आहे आणि शेपटीवर जोरही वाढत नाही. टायरची हवा, किंगपिनची वॉशर आणि रडरकडे (शेपटीच्या सुकाणूकडे) जाणाऱ्या छोट्या स्प्रिंगांची ओढ याच वेळी पाहून घ्या.

शेतातली पट्टी वापरणार असाल तर निवड आणखी मऊकडे झुकवा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात अशी भेगाळते की टेलव्हीलचं छोटं चाक अख्खं आत बसेल, आणि पावसाळ्यात चिकण चाकाला धरून ठेवते. तिथे धक्का मागून ओढल्यासारखा येतो. मोठ्या व्यासाचं, हवेचं टायर तिथे जाड पाट्यापेक्षा जास्त कामाला येतं.

दोन पाट्यांचा एक तोटा खरा आहे. एका ८ मिमीच्या पाट्यापेक्षा चारशे ग्रॅम वजन वाढतं आणि तेही शेपटीच्या टोकाला, गुरुत्वमध्यापासून चार-साडेचार मीटर मागे. ज्याचं विमान आधीच मागे जड आहे आणि शेपटीची रचना भक्कम वेल्डेड नळ्यांची आहे, त्याने ८ मिमीचा एकच पाटा घेतला तर मी हरकत घेणार नाही. आकडे जवळजवळ सारखे आहेत. १० मिमीला मात्र नाहीच.

बदल करण्याआधी किटवाल्या कंपनीला लेखी विचारा, उड्डाण परवान्याच्या कागदांसोबत तो बदल तपासनिसासमोर ठेवा, लॉगबुकात नोंदवा आणि वजन-संतुलन पुन्हा काढा. नवा पाटा बसवल्यावर पहिल्या काही लँडिंगनंतर बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. नवीन पाने एकमेकांवर बसली की क्लॅम्प सैल होतो, आणि सैल क्लॅम्पखालीच ती तांबूस पूड धरायला सुरुवात होते.