रोपं ऑनलाइन मागवावीत की गावच्या नर्सरीतून? खानदेशातल्या अंगणाचा हिशेब

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि रोप कुठून घ्यावं याचा निम्मा निकाल तिथेच लागतो. पुण्या-मुंबईच्या बाल्कनीसाठीचे सल्ले इथल्या अंगणाला पुरत नाहीत. किंमत, फोटो, पॅकिंग नंतर बघू. आधी विचारायचं ते एवढंच: या रोपानं इथला एक तरी उन्हाळा काढलाय का?

ऑनलाइनवाल्यांकडे याचं उत्तर नसतं, पण रस्त्याकडेच्या नर्सरीकडेही ते असेलच असं नाही. जळगाव-धुळ्याच्या नर्सऱ्यांत दिसणारी पुष्कळ शोभेची झाडं ट्रकनं बाहेरून येतात. कुठली पुण्याकडची, कुठली थेट आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमची. पिशवीत लाल माती दिसली की रोप पाहुणं असावं, असा अंदाज बांधायचा. अर्थात इथली काळी माती पाण्यानं फुगते, वाळली की भेगाळते, म्हणून काही नर्सरीवाले मुद्दाम लाल माती आणवतात. तेव्हा सरळ विचारा, ‘भाऊ, रोप इथंच केलेलं आहे की आणलेलं? आणून किती दिवस झाले?’ कालच्या ट्रकमधून उतरलेलं रोप आणि कुरिअरनं आलेलं रोप यांत मग फारसा फरक उरत नाही. नर्सरीत मागच्या कोपऱ्यात, शेडनेटच्या बाहेर उभं असलेलं, पानं जरा खरखरीत झालेलं रोप असतं ना, मी तेच उचलीन. फुलांनी लगडलेलं पुढचं नाही.

फळझाडाच्या कलमाला मात्र ऑनलाइनच्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. केसर आंबा, सरदार पेरू, साई सरबती लिंबू यांची जात फळ येईपर्यंत कळत नाही, आणि तोवर तीन-चार वर्षं गेलेली असतात. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांना १९६९ च्या कायद्यानं परवाना लागतो. तो बघायला मागा, पक्की पावती घ्या, पावतीवर जात लिहून घ्या. कलमाचा सांधा बोटांनी चाचपता येतो, खुंटावर, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या खालच्या झाडावर, फुटलेली फूट दिसते, पिशवीच्या तळातून मुळ्या वेटोळे घेऊन बाहेर आल्यात का तेही कळतं. फोटोत यातलं काही दिसत नाही. कृषी विभागाच्या फळरोपवाटिकांतही कलमं मिळतात, पण तिथे हवी ती जात हव्या त्या दिवशी मिळेल अशी खात्री धरू नका. जळगावच्या मेहरुणच्या बोराचं खूळ असेल तर गावठी बोरीच्या खुंटावर जागेवरच डोळा भरणारा, म्हणजे चांगल्या बोरीचा कोंब खुंटाच्या सालीत बसवणारा माणूस शोधावा. बोरीचं सोटमूळ हलवलेलं तिला सोसत नाही.

केळीसाठी तर कुठेच पैसे मोजू नका. रावेर-यावलकडे कुणी ओळखीचं असेल तर परसापुरतं एखादं पील (बुंध्यालगत फुटलेलं पिल्लू) सहज मिळतं. वांगी-मिरचीची रोपंही आठवडे बाजारातलीच बरी.

मग ऑनलाइन मागवायचं काय? जे झोपेत प्रवास करतं ते. फुटबॉल लिली, निशिगंध यांचे कंद, चांगल्या कंपनीचं बियाणं, अडेनियम आणि निवडुंगाच्या जातीची झाडं डब्यात चार-सहा दिवस निभावून नेतात. शिवाय आपल्याकडच्या नर्सऱ्यांत तीच ती झाडं फिरत असतात; वेगळ्या रंगाचं अडेनियम किंवा एखादा दुर्मीळ वेल हवा असेल तर पुण्याची नर्सरीलाइव्ह, उगाऊ अशा साइट चाळण्याला पर्याय नाही. लहान रोपाला पाठवणावळच रोपापेक्षा जड होते, म्हणून दोन-तीन घरांनी मिळून मागवावं. निळ्या गुलाबाचं बी मुळात नसतंच, ते विकणाऱ्याकडून मात्र काहीच घेऊ नये, अगदी धणेसुद्धा! बदली रोपाची अट पैसे भरण्याआधी वाचा. पार्सल उघडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ ठरावीक मुदतीत मागणारे बरेच असतात.

ऑनलाइन मागवायचा काळ म्हणजे पाऊस बसल्यावरचा जुलै ते सप्टेंबर, नाहीतर दिवाळीनंतरची थंडी. मार्च ते जून नाहीच. तापलेल्या गोदामात दोन दिवस पडून राहिलेला डबा उघडला की नारळाच्या भुशात उकडलेली काडी निघते.

बांधावर, कंपाउंडच्या कडेला कडुनिंब, करंज, कांचन, बकुळ लावायचे असतील तर वन विभागाची किंवा सामाजिक वनीकरणाची रोपवाटिका गाठा. वनमहोत्सवाच्या सुमारास तिथे रोपं स्वस्तात मिळतात. दिसायला काटकुळी असतात, पण उघड्यावर वाढलेली असतात.

आणि एप्रिलमध्ये मोह आवरलाच नाही, तर आणलेलं रोप लगेच जमिनीत घालू नका. पिशवीसकट घराच्या पूर्वेकडे भिंतीलगत किंवा हिरव्या नेटखाली ठेवा, संध्याकाळी पाणी द्या, आणि पाऊस चांगला बसला की मगच खड्डा भरा.