जुना क्लॅरिनेट आणि खरवडलेला शिक्का

सायकल घेताना मी चाक हवेत फिरवून आउट आहे का ते पाहतो आणि जुना संगणक घेण्यापूर्वी झाकण उघडून आत काय भरले आहे याची खात्री करतो. क्लॅरिनेटच्या बाबतीत मात्र काळ्या लाकडाच्या तेजाला भुललो आणि अठरा हजार रुपये पावतीविना मोजून बसलो.

विक्रेत्याने वाद्य ‘ब्रिटिश बँडमधले’ म्हणून दाखवले, स्वतः दोन धून वाजवल्या आणि त्या सुरेलही होत्या. घोटाळा उघड झाला तो मित्राच्या पेटीसमोर. माझे वाद्य काळी पाचचे, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या सुराचे. पण त्याचा ‘सा’ काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मध्ये कुठेतरी लोंबकळत होता. वरचा नळीचा तुकडा ओढून स्वर उतरवू पाहिला, तर मधले स्वर भसकन खाली आले आणि तळाचे जवळजवळ जागचे हलले नाहीत, त्यामुळे वाद्य स्वतःशीच बेसूर झाले.

त्याचे कारण नंतर समजले. ब्रिटिश लष्करी बँड १९२०च्या दशकाच्या अखेरपर्यंत चढ्या सुरात वाजत असत. आज पाश्चात्त्य ‘ए’ स्वराची सेकंदाला ४४० कंपने प्रमाण मानली जातात, ती त्यांच्याकडे सुमारे ४५२ असत. म्हणजे जवळजवळ पाव स्वराचा फरक. अशा वाद्याची नळीच सुमारे दीड सेंटिमीटर आखूड असते आणि भोकेही त्याच हिशेबाने पाडलेली असतात, तेव्हा कोणत्याही दुरुस्तीने ते खाली येत नाही. त्यावर बहुधा ‘एच. पी.’ (हाय पिच, म्हणजे चढा सूर) ही इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात. माझ्या वाद्यावर निर्मात्याच्या शिक्क्याखाली अंगठा फिरवला, तेव्हा एक गुळगुळीत, किंचित खोलगट जागा लागली. तेवढेच लाकूड बाकीच्यापेक्षा जास्त चमकत होते. कोणीतरी कानसीने घासून वर पॉलिश मारले होते, आणि हे विक्रेत्याला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

त्याला फोन केला, तर म्हणाला, “जुनं लाकूड आहे साहेब, मुरलं की उतरेल.” त्यानंतर फोन उचलला गेला नाही.

जुना क्लॅरिनेट घ्यायचा झाल्यास दहा मिनिटे वाजवून, तो गरम झाल्यावर मोबाइलमधल्या ट्यूनरवर स्वर पाहावा आणि शिक्क्याची बाजू उजेडात धरावी. एकट्याने वाजवून दाखवलेल्यावर मुळीच जाऊ नये. जोडीला दुसरे वाद्य नसले की चढा सूर कानाला कळत नाही.

परवा त्याच विक्रेत्याची नवी जाहिरात दिसली: ‘ब्रिटिश बँडमधला, आवाज खणखणीत’. चारही छायाचित्रांत शिक्क्याची बाजू खाली आहे.