"वाइड ओपनला सगळ्याच सॉफ्ट असतात" म्हणत गळ्यात मारलेली २४ एमएम

आधीच सांगते, यात माझीपण चूक आहे. कॅमेरा हातात धरून बरीच वर्षं झाली, सेकंडहँड घेताना हे बघ ते बघ म्हणून दुसऱ्यांना शहाणपण शिकवते, आणि स्वतः मात्र एका गोड बोलणाऱ्या माणसाकडून पडलेली, खोललेली लेन्स हसत हसत घरी घेऊन आले. लाज वाटते पण लिहितेय, कोणीतरी वाचेल आणि वाचेल (दोन्ही अर्थाने). लेन्सच्या कंपनीचं नाव घेत नाही कारण दोष कंपनीचा नाहीच.

मला फुल फ्रेमला (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला) २४ एमएम एफ १.४ ची वाइड लेन्स हवी होती, एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते. झूम होती माझ्याकडे एफ २.८ वाली, पण एफ १.४ म्हणजे तिच्यापेक्षा दोन स्टॉप जास्त, म्हणजे चौपट उजेड. जिथे झूमला आयएसओ (उजेड टिपायची कॅमेऱ्याची संवेदनशीलता) ६४०० करावा लागतो तिथे हिला १६०० पुरतो. ज्याने रात्रीचे तारे काढलेत किंवा अंधाऱ्या हॉलमध्ये फ्लॅश न लावता माणसं काढलीत त्याला हे डोक्यात बसलं की मग झोप लागत नाही, माझंही तेच झालं होतं. नवीन परवडत नव्हती म्हणून जुन्याच्या मागे लागले.

जाहिरातीत सहा फोटो होते. एक लहान मूल जवळून, एक फूल, एक मांजर, बाकी असंच, मागचं सगळं विरघळलेलं, बघून जीव खुळावला. मोबाइलवर आलेल्या फोटोंत एक्झिफ (फोटोत दडलेली लेन्स-सेटिंगची नोंद) उरत नाही म्हणून मी ओरिजिनल मागितले, तर त्याने तेही लगेच पाठवले, २४ एमएम, एफ १.४, सगळं बरोबर. सगळे फोटो चौकोनी होते एवढं दिसलं मला, पण म्हटलं सोशल मीडियावर टाकायला कापले असतील. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

भेटायची वेळ त्याने ठरवली, अंधार पडल्यावर, एका बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. "फास्ट लेन्स आहे ताई, तिची मजा अंधारातच बघायला पाहिजे." फास्ट म्हणजे जास्त उजेड आत घेणारी, मला पटलं की! त्याने स्वतःहून मोबाइलचा टॉर्च मागून मारून दाखवला, बुरशी नाही, धुकं नाही, धुळीचा एक कण नाही. पुढे यूव्ही फिल्टर लावलेला होता, तो म्हणे फुकट ठेवा. मग मी दहा-बारा फोटो काढले, गाडीचा आरसा दीड फुटावरून, त्याच्या हातातली किल्ली, खांबावरचा नंबर, सगळे मधल्या पॉइंटवर फोकस करून एफ १.४ ला. मागचं विरघळतंय, मधलं कडक शार्प, मी खूश. मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "कोपरे थोडे सॉफ्ट वाटतील हां, वाइड ओपनला सगळ्याच तशा असतात."

फसवणूक या एका वाक्यात आहे आणि वाक्य अर्धं खरं आहे हाच त्रास आहे. फास्ट वाइड लेन्स पूर्ण उघडी असताना कोपऱ्यात नरम, म्हणजे अस्पष्ट, पडते, कोपरे काळपटही होतात, चांगल्यातली चांगली असली तरी. पण ती चारही कोपऱ्यांत साधारण सारखी नरम पडते. एकच बाजू वाहून जात असेल तर आतली एखादी काच कललीय किंवा मधोमध राहिलेली नाही, ज्याला लोक डिसेंटर झाली म्हणतात. आणि मी काढले तसे जवळचे फोटो काढून हे कळणारच नाही कारण तिथे कोपरे तसेही फोकसच्या बाहेरच असतात! म्हणजे जे फोटो बघून आपण या लेन्सच्या प्रेमात पडतो नेमक्या त्याच फोटोंत तिचा आजार लपतो. त्याला हे माहीत होतं, मला माहीत असायला हवं होतं.

महिनाभर कळलंच नाही. मग एकदा ग्रुप फोटो काढला, वीसेक माणसं, एकाच रांगेत, साधारण चार मीटरवर, उजेड कमी म्हणून एफ १.४. मोठ्या स्क्रीनवर उघडला तर उजवीकडच्या पाच जणांचे चेहरे व्हॅसलीन लावल्यासारखे. पहिल्यांदा स्वतःलाच शिव्या घातल्या, की एवढं उघडं कशाला ठेवलंस, डेप्थ (फोकसच्या पुढेमागे जेवढं शार्प येतं तेवढा पट्टा) पुरली नाही. मग गणित मांडलं. फुल फ्रेमला २४ एमएम एफ १.४ ची हायपरफोकल (जिथे फोकस केला की पार लांबपर्यंत चालण्याइतकं शार्प येतं ते अंतर) साधारण १४ मीटर येते, आणि चार मीटरवर फोकस केला तर सव्वातीन मीटरच्या आतून ते साडेपाच मीटरपर्यंत सगळं चालण्याइतकं शार्प यायला पाहिजे. कडेची माणसं मधल्यांपेक्षा जरा लांब पडतात हे धरलं तरी डावीकडची पण तेवढीच लांब होती ना, त्यांच्या मिशीचा केस न् केस दिसत होता.

मग बसले तपासायला. आधी त्याच बॉडीला दुसरी लेन्स लावली, दोन्ही बाजू ठीक, म्हणजे कॅमेऱ्याचा माउंट (लेन्स अडकते ती रिंग) किंवा सेन्सर तिरका नाही. मग विटांच्या भिंतीसमोर ट्रायपॉड लावला, पण भिंतीला कॅमेरा जरा तिरपा असला तरी एक बाजू ब्लर होतेच, म्हणून एक फोटो सरळ आणि एक कॅमेरा उलटा करून काढला. कॅमेरा तिरपा असेल तर दोन्ही वेळेला भिंतीचा तोच भाग खराब येतो, लेन्स खराब असेल तर खराबी भिंतीच्या दुसऱ्या बाजूला जाते. गेली. तरी मन मानेना म्हणून रात्री गच्चीवर जाऊन लांबचा एक दिवा धरला, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचा लाइव्ह व्ह्यू मोठा करून मधोमध हाताने फोकस केला आणि मग फोकसला हात न लावता तोच दिवा एकेक करून चारही कोपऱ्यांत नेला. डावीकडच्या दोन्ही कोपऱ्यांत छोटा पक्षी पंख पसरल्यासारखा, हे चालतं, कोमा म्हणतात त्याला, फास्ट वाइडला थोडा असतोच. उजवीकडे वर मात्र शेंडी फुटलेला धूमकेतू. एफ २.८ ला थोडा लहान झाला, एफ ५.६ ला जवळपास गायब. म्हणजे लेन्स वापरायची तर एफ ५.६ ला, मग माझी झूम काय वाईट होती?

दुरुस्तीवाल्या काकांनी लेन्स हातात घेतली आणि खोलायच्या आधीच विचारलं, "याआधी कोणी उघडली होती?" माउंटचे स्क्रू दाखवले, चारपैकी दोघांची डोकी उंदराने कुरतडल्यासारखी. जपानी लेन्सचे स्क्रू बरेचदा जेआयएस (जपानी मानक) पद्धतीचे असतात, त्यांना साधा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर घातला की खाच खराब होते, कंपनीच्या माणसाच्या हातून असं होत नाही. मग तो फुकटचा फिल्टर काढायला गेले तर निघेना, रबराने पकडून काढला तेव्हा कळलं, रिंग एका जागी दबलेली, आणि दबलेल्या जागेवर त्यांनी स्पिरिटचा कापूस फिरवला तर कापूस काळा झाला आणि खाली पांढरी धातू चमकली. मार्करने रंगवलं होतं हो! साधा मार्कर!!

आत पुढच्या गटातली काच कललेली आणि तिच्याखालची कागदाएवढी पातळ शिम (काच नेमकी बसवायची चकती) गायब. काका म्हणाले या वाइड लेन्सेसमध्ये काचांचे गट फोकस करताना एकमेकांपेक्षा वेगळे सरकतात, निकॉनने १९६७ साली २४ एमएम एफ २.८ ला ती युक्ती आणली तेव्हापासून चांगल्या वाइडला असलं काहीतरी असतंच, त्यामुळे हाताने अंदाजे बसवून जमत नाही, मशीनवर लावावं लागतं. खर्च सांगितला तो ऐकून मी लेन्स परत पिशवीत घातली. आणि त्यांचं एक वाक्य जास्त लागलं, "इतक्या जुन्या लेन्समध्ये धुळीचा कण नाही याचा आनंद नसतो करायचा, विचारायचं असतं कोणी आणि का पुसली." ज्या टॉर्चने माझी खात्री पटली तोच पुरावा होता आणि मी उलटा वाचला.

त्याला फोन केला. आधी ओळखलं नाही. मग म्हणाला तुम्हीच पाडली असेल. मी स्क्रूचे फोटो पाठवले तर म्हणाला मी पण अशीच घेतली होती, मला काय माहीत. मग ब्लॉक. पैसे रोख दिलेले, पावती नाही, चॅटमध्ये "कधी उघडली आहे का" हे मी विचारलेलंच नाही, सगळं तोंडी. तक्रार करायला गेले तरी दाखवणार काय.

आणि ते चौकोनी फोटो. परत काढून बघितले. कॅमेऱ्याची फ्रेम तीनास दोन असते, तिचा चौकोन करायचा तर रुंदीतला तिसरा भाग कापावा लागतो, दोन्ही बाजूंनी सहावा सहावा, किंवा सगळाच एका बाजूने. मांजरीच्या फोटोत मांजर मधोमध नाहीये, डावी कड जशीच्या तशी दिसते आणि उजवीकडून छाटलंय.

आता मला कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते की न कापलेले फोटो मागा, त्यात निदान एक लांबच्या दिव्यांचा किंवा ताऱ्यांचा पूर्ण उघड्या अॅपर्चरला काढलेला असू द्या, भेटायला दिवसाउजेडी जा, लॅपटॉप न्या, फिल्टर आणि हूड काढायला लावा, निघत नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा, आणि पडली होती का उघडली होती का हे लेखी विचारा, उत्तर टाळलं तरी ते उत्तरच असतं. नंबर बॉक्सवरचा आणि लेन्सवरचा जुळवा, हे तर सगळे सांगतात. एक्झिफवर फार विसंबू नका, फोटो कुठल्या लेन्सने काढला तेवढं ते सांगतं, कितीदा आपटली ते नाही.

शेवटी मी लेन्स विकायला काढली, सुट्या भागांसाठी किंवा दुरुस्त करून वापरायला, सगळं स्पष्ट लिहून, आणि पहिलाच फोटो त्या धूमकेतूचा लावला. दोन आठवडे शुकशुकाट. मग एकाचा फोन आला, घेणार नव्हताच, सल्ला द्यायला केला होता. म्हणाला, "ताई, तो कोपऱ्याचा फोटो काढून टाका, चौकोनी क्रॉप करा, लगेच जाईल."