पिस्को आणि इंका ट्रेलचं जोड-पॅकेज: बुकिंगपासून परतीपर्यंतचे सात महिने

पेरूचं हे पॅकेज दोन तुकड्यांचं आहे. आधी दोन दिवस इका खोऱ्यात पिस्कोच्या, म्हणजे द्राक्षांच्या रसापासून गाळलेल्या पेरूच्या दारूच्या, भट्ट्या आणि चाखणं, मग कुस्कोमार्गे चार दिवसांचा इंका ट्रेल आणि शेवटी माचू पिचू. दारूच्या भागाला पाचपैकी तीन, ट्रेलला साडेचार आणि दोन्ही जोडणाऱ्या वेळापत्रकाला जेमतेम दोन. हे दोन तुकडे वेगवेगळे घेतले तर दोन्ही चांगले आहेत. त्यांच्यामधला सांधा मात्र कच्चा आहे, आणि समुद्रसपाटीवरून साडेतीन हजार मीटरवर जाताना त्या सांध्यावरच सगळा भार येतो.

हे पॅकेज वापरात येतं ते परवाना निघतो त्या दिवसापासून, म्हणून सात महिने म्हटलं. ट्रेलवर दिवसाला ५०० माणसांनाच सोडतात आणि त्यात गाइड, स्वयंपाकी, पोर्टर सगळे धरलेले असतात. प्रवाशांच्या वाट्याला साधारण २०० जागा उरतात. पुढच्या वर्षाच्या तारखा ऑक्टोबरच्या सुमारास खुल्या होतात आणि त्यातल्या मे-जूनच्या सगळ्यात आधी भरतात. फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी पूर्ण बंद असते. परवानाधारक कंपनी आणि गाइडशिवाय एकट्याने जाता येत नाही. आठपेक्षा जास्त माणसं असली की दुसरा गाइड लागतो आणि एका गटात सोळाच्या वर प्रवासी घेत नाहीत.

परवाना नावावर आणि पासपोर्ट क्रमांकावर असतो. तो दुसऱ्याला देता येत नाही, तारीख बदलत नाही, पैसे परत मिळत नाहीत. आपल्याकडच्या लोकांची गडबड होते ती नावात. पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं, आणि फॉर्म भरताना ते मधलं नाव सवयीने गाळलं जातं. पिस्काकुचोच्या नाक्यावर, म्हणजे रेल्वेच्या ८२व्या किलोमीटरला, पासपोर्ट आणि परवाना शेजारी धरून वाचतात. पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, अक्षर न् अक्षर कळवा. मधल्या महिन्यांत पासपोर्टचं नूतनीकरण झालं तर कंपनीला लगेच कळवा आणि रद्द झालेला जुना पासपोर्टही सोबत ठेवा.

आता महिना कोणता? इथे दोन्ही तुकड्यांचं पटत नाही. इकाची द्राक्षतोड फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि भट्ट्या मार्च-एप्रिलमध्ये पेटत्या दिसतात. ट्रेलवर पाऊस एप्रिलपर्यंत रेंगाळतो, कोरडा हंगाम मे ते सप्टेंबर. दोन्ही हवं असेल तर एप्रिलचा उत्तरार्ध हीच फट आहे: भट्टी कदाचित चालू मिळेल, वाट थोडी ओली असेल. जून-जुलैत गेलात तर आकाश निरभ्र, पण भट्टी थंड, आणि गाइड नुसत्या तांब्याच्या रिकाम्या भांड्याकडे बोट दाखवतो.

पिस्कोच्या भागात माहिती उत्तम मिळते. द्राक्षं तुडवायचं लागार, खाली रस साठवायची पुंताया, मातीचे उंच रांजण, म्हणजे बोतिखा, आणि शेवटी भट्टी. भट्टी दोन प्रकारची: नेहमीची हंसमानेची अलाम्बिक, आणि जुन्या वळणाची फाल्का. फाल्काला मान नसते. विटांच्या बांधकामात तांब्याचं भांडं, त्याच्या बाजूने निघालेली लांब निमुळती नळी आणि ती नळी थेट पाण्याच्या टाकीतून जाते. दोन्ही एकाच ठिकाणी दाखवणारी भट्टी मिळाली तर ती निवडा.

पिस्को एकदाच गाळतात आणि नंतर त्यात पाणी घालून तीव्रता खाली आणायची परवानगी नाही. त्यामुळे ३८ ते ४८ टक्क्यांच्या मर्यादेत नेमकं कुठे थांबायचं ते धार तोडणाऱ्याच्या हातात असतं. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हटलं की कौतुक असतं. इथे पहिली धार, म्हणजे काबेसा, बाजूला काढतात. तिच्यात नेलपॉलिशसारखा झणका असतो. मधला भाग तेवढा पिस्को, शेवटची कोला पुन्हा बाजूला. लाकडी पिंपात मुरवणं मान्य नाही. काच, स्टील किंवा तत्सम निष्क्रिय भांड्यात किमान तीन महिने विसावा द्यावा लागतो. म्हणजे एप्रिलमध्ये भट्टीवर उभं राहून जे चाखता ते त्या भट्टीतून आत्ता निघालेलं नसतं, मागच्या हंगामाचं किंवा त्याआधीचं असतं. ‘ताजं’ म्हणून कोणी देऊ लागला तर ते अजून पिस्को झालेलंच नाही.

चाखण्याची पद्धत मात्र गचाळ. मोठ्या बस थांबतात अशा ठिकाणी दहा मिनिटांत सात-आठ प्लास्टिकचे पेले, आणि सुरुवात गोड वाइन नि क्रीमच्या लिकरने. कारण सोपं आहे: गोड बाटल्या जास्त खपतात. पण साखर जिभेवर बसली की पुढचा केब्रांता द्राक्षाचा पिस्को नुसता तिखट लागतो. गाइडला आधीच सांगा की गोड शेवटी, आणि काचेचा ट्युलिप आकाराचा पेला हवा. क्रम असा ठेवा: आधी बिनसुगंधी द्राक्षांचे (केब्रांता, नेग्रा क्रिओया, मोयार, उविना), मग सुगंधी (इतालिया, मोस्कातेल, तोरोन्तेल, आल्बिया). प्रत्येक गटात पुरो (एकाच जातीच्या द्राक्षांचा, पूर्ण आंबलेल्या रसाचा) आधी, मोस्तो वेर्दे (अर्धवट आंबलेल्या रसाचा) नंतर. आचोलादो, म्हणजे मिश्रण, सगळ्यात शेवटी.

मोस्तो वेर्देबद्दल एक गैरसमज तिथले विक्रेतेच पसरवतात. रस पूर्ण आंबण्याआधीच तो भट्टीत घालतात, म्हणून ‘त्यात साखर उरते, गोड असतो’ असं सांगतात. साखर रसात उरते हे खरं, पण ती वाफेबरोबर वर जात नाही. पिस्को गोड होत नाही, तोंडात फक्त जास्त मऊ, भरीव लागतो. आणि महाग असतो, कारण ज्या साखरेची दारू झालीच नाही तिच्यापोटी द्राक्षं जास्त लागतात.

प्रमाण सांभाळा. एक नमुना १०-१२ मिली पुरेसा. असे सहा म्हणजे साधारण ७० मिली, ४२ टक्क्यांनी त्यात २३-२४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. एवढ्यावर थांबलात तर संध्याकाळ शाबूत राहते. थुंकायचं भांडं मागायला लाजू नका, मागितलं की देतात. मध्ये चकणा नको, साधा पाव आणि पाणी. शाकाहाऱ्यांसाठी: पिस्को सॉवर या कॉकटेलमध्ये अंड्याचा पांढरा बलक असतो. ‘सिन क्लारा’ (पांढऱ्या बलकाशिवाय) म्हणा, किंवा सरळ चिल्कानो घ्या. पिस्को, लिंबू, जिंजर एल, बस्स.

आता सांधा. इका समुद्रसपाटीपासून जेमतेम चारशे मीटर, कुस्को ३४०० मीटर. स्वस्त पॅकेजात इकाहून नास्का-अबांकायमार्गे रात्रीची बस देतात. चौदा-पंधरा तासांहून जास्त प्रवास, मध्ये ४००० मीटरच्या वरचे घाट आणि त्याआधी दिवसभर पिस्को. बसमध्ये ओकाऱ्या काढणाऱ्यांना वाटतं वळणं लागली. वळणं लागतातच, पण निम्मं काम विरळ हवेचं असतं. लिमाला परतून विमान घेतलं तर दीड तासाच्या आत कुस्को. चढ तोही अचानकच, पण निदान मधली रात्र झोपून जाते. जादा पैसे इथे घाला.

कुस्कोला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो. शरीर ते भरून काढतं खोल श्वास घेऊन, विशेषतः झोपेत. अल्कोहोल नेमका तो झोपेतला श्वास मंदावतो, वर लघवी वाढवून पाणी काढून नेतो. आणि दारूचं डोकं दुखणं कुठे संपलं, उंचीचं कुठे सुरू झालं हे कळेनासं होतं, ही सगळ्यात वाईट गोष्ट. अशा स्थितीत पॅकेज काय देतं? कुस्कोत पोचल्याच्या संध्याकाळी स्वागताचा मोफत पिस्को सॉवर! तो सोडून द्या. कोका चहा प्या, पानं मात्र देशाबाहेर नेऊ नका.

विमानतळावरून थेट कुस्कोजवळच्या, त्याहून खालच्या पवित्र खोऱ्यात उतरणं हा चांगला उपाय. ओयांतायताम्बो २८०० मीटरच्या आसपास आहे, तिथे पहिल्या दोन रात्री, मग कुस्कोत एक. सह्याद्रीत मुरलेल्यांनीही हे दिवस कापू नयेत. कळसूबाईचा माथा १६४६ मीटरवर संपतो, आणि दम कितीही असला तरी उंचीची सवय त्यातून होत नाही. उंचीच्या त्रासावरची अ‍ॅसिटाझोलामाइड गोळी घ्यायची असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून. सल्फाची अ‍ॅलर्जी असल्यास तसं सांगून. त्या गोळीने सोड्याचा चुरचुरीतपणा जातो, चिल्कानो शिळा आणि धातूसारखा लागतो. बारवाल्याशी भांडू नका.

ट्रेलबद्दल तक्रारी थोड्या. ४३ किलोमीटर, चार दिवस. पहिला दिवस वाय्याबाम्बापर्यंत सोपा. दुसऱ्या दिवशी ३००० मीटरवरून वार्मिवान्युस्काच्या ४२१५ मीटरच्या खिंडीत चढायचं आणि पाकायमायोला ३६००पर्यंत उतरायचं. सगळे याच दिवसाला घाबरतात. पण माणसं मोडतात ती तिसऱ्या दिवशी. दिवस सगळ्यात लांब, आणि फुयुपातामार्काहून विन्याय वायनापर्यंत जवळजवळ हजार मीटरचा दगडी पायऱ्यांचा उतार. पायऱ्या उंचसखल, ओल्या असल्या तर घसरड्या. मांड्या चढाने थकलेल्या असतात आणि भार गुडघ्यांवर येतो. काठ्या दोन घ्या, एकीने भागत नाही. टोकांना रबरी टोप्या सक्तीच्या आहेत. चिखलात त्या निघून जातात, म्हणून जादा जोडी ठेवा आणि पहिल्या दिवशीच टेपने घट्ट करा.

पोर्टर तुमचं सात किलो सामान नेतो असं पॅकेजमध्ये लिहिलेलं असतं. त्यात स्लीपिंग बॅग आणि चटई धरलेली असते, ती वजा केली की चारेक किलो उरतात. पोर्टरच्या पाठीवर पुरुषाला २० आणि स्त्रीला १५ किलो ही कायद्याची मर्यादा आहे, नाक्यावर वजन होतं. ‘थोडं जास्त चालेल’ असं म्हणणारी कंपनी ते ओझं नाक्यानंतर कुणाच्या तरी पाठीवर चढवते. तिच्याकडे जाऊ नका. बहुतेक नीट चालणाऱ्या कंपन्यांचा दर माणशी ७०० ते ९०० अमेरिकी डॉलरच्या पट्ट्यात पडतो. त्याहून फारच स्वस्त मिळालं तर फरक बहुधा पोर्टरच्या मजुरीतून आलेला असतो.

चौथ्या दिवशी साडेतीनला उठवतात. नाका साडेपाचला उघडतो, पण पोर्टरना खालची पहाटेची गाडी गाठायची असते म्हणून तंबू लवकर सोडावे लागतात. इंती पुंकूवर, म्हणजे माचू पिचूच्या वरच्या सूर्यद्वारावर, धुकं असलं तर घाई न करता वीस मिनिटं थांबा. माचू पिचूत ४० × ३५ × २० सेंटीमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही, दाराशी ठेवावी लागते. एकदाच वापरायची प्लास्टिकची बाटलीही चालत नाही.

पुन्हा बुकिंग केलं तर क्रम उलटा मागावा: आधी कुस्को आणि ट्रेल, शेवटी इका आणि लिमा. उंची संपलेली असते, दुसऱ्या दिवशी चढायचं नसतं आणि बाटल्या कुस्कोला नेऊन परत आणायचा द्राविडी प्राणायाम वाचतो. कंपन्या हा बदल सहसा फुकट करून देतात, फक्त परवान्याची तारीख ठरण्याआधी सांगावं लागतं. पेटती भट्टी बघायचीच असेल तर इका आधी ठेवा, पण चाखणं आणि कुस्कोचं विमान यांच्यामध्ये लिमात एक पूर्ण कोरडा दिवस घाला. बाटल्या घेताना लेबलवर द्राक्षाचं नाव, प्रकार आणि ‘देनोमिनासियोन दे ओरिखेन’ (मूळ प्रदेशाची अधिकृत खूण) बघा. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत शुल्क लागत नाही, आणि पाऊण लिटरच्या दोन बाटल्या त्यात आरामात बसतात.