जुन्या बॉनेव्हिलवर इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर : आठ महिन्यांनंतर

माझ्या १९७० च्या ट्रायम्फ बॉनेव्हिल मोटरसायकलवरचा मूळ स्मिथ्स कंपनीचा टॅकोमीटर (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा मीटर) काढून इलेक्ट्रॉनिक बसवला, त्याला आठ महिने झाले. या काळात गाडी साडेतीन हजार किलोमीटर चालली, दोनदा चांगलीच भिजली. आता ठामपणे बोलता येईल इतका वापर झालाय.

काढायचं कारण आधी सांगतो. या इंजिनात टॅकोची केबल एक्झॉस्ट कॅमशाफ्टच्या, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, डाव्या टोकावरून फिरते. तिथलं सील थकलं की तेल केबलच्या आतून वर चढतं. माझ्या मीटरच्या काचेमागे आधी एक पिवळसर रेघ दिसली आणि महिन्याभरात तेल पार आकड्यांपर्यंत पसरलं. त्या मीटरमध्ये फिरतं चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढतं आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. इतक्या नाजूक जागी तेल शिरल्यावर काटा जड होणारच. त्यात केबलही दुसऱ्यांदा तुटली. मग निर्णय घेतला.

बसवायला अर्धा दिवस पुरला असता, पण दोन दिवस गेले, आणि त्याचं कारण प्रत्येकाने नीट समजून घ्यावं. ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचा प्लस चेसिसला जोडलेला. नव्या मीटरची धातूची बॉडी मात्र आतून त्याच्या मायनस वायरला जोडलेली होती, आणि सोबतच्या कागदावर त्याचा उल्लेखही नव्हता. मी लाल वायर चेसिसला, काळी इग्निशन स्विचमधून येणाऱ्या मायनसला अशी बरोबर जोडणी केली, मीटर ब्रॅकेटवर आवळला आणि चावी फिरवली. टक् असा आवाज आला आणि मुख्य फ्यूज गेला. बॉडी ब्रॅकेटला टेकली होती, ब्रॅकेट चेसिसला, म्हणजे सरळ शॉर्ट. फ्यूज होता म्हणून वायरिंग वाचलं. नंतर मीटरखाली रबराच्या जाड रिंगा घातल्या, बोल्ट नायलॉनचे घेतले आणि मल्टिमीटरने बॉडी व ब्रॅकेट यांच्यात कुठेच संपर्क नाही याची खात्री केली. हे आधी करा, चावी नंतर.

मीटर निवडताना स्पार्क प्लगच्या वायरवरून सिग्नल घेणारा निवडला, हे मात्र फार बरं झालं. इग्निशन कॉइलवरून (प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणारा भाग) सिग्नल घेणारे बरेच मीटर निगेटिव्ह अर्थ गृहीत धरून बनवलेले असतात. इथे सिग्नलच्या वायरचे चार वेढे प्लगच्या वायरवर दिले की झालं, अर्थ कुठलाही असो.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा आयडलिंगला काटा ४५० वर. कानाला तर ९०० ऐकू येत होते. पॉइंटवर (उघडझाप करून ठिणगी पाडणारे यांत्रिक संपर्क) चालणाऱ्या या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदाच ठिणगी पडते, आणि मीटर कंपनीतून ‘फेरीला एक’ अशा सेटिंगवर आला होता. मागचा स्विच बदलला, आकडा जुळला. पाचव्या महिन्यात मी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकलं, तेव्हा आकडा एकदम दुप्पट! त्या इग्निशनमध्ये दर फेरीला दोन्ही प्लगना ठिणगी जाते. स्विच परत पहिल्या जागी.

आकडा खरा आहे का, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. जुन्या चोकची ट्यूबलाइट ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. इंजिन ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेरे) सेकंदाला ५० फेरे घेतं, म्हणजे एका फेऱ्यात ट्यूब बरोबर दोनदा लुकलुकते. इंजिनाच्या प्रायमरी कव्हरवरचं छोटं झाकण काढून आतल्या, इंजिनाच्याच वेगाने फिरणाऱ्या अल्टरनेटरच्या रोटरवर पांढऱ्या रंगाची एक खूण केली आणि अंधार पडल्यावर, दार सताड उघडं ठेवून, फक्त ट्यूबच्या उजेडात हळूहळू रेस वाढवली. ३००० ला खूण जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. त्या क्षणी काटा ३००० च्या रेघेच्या केसभर पुढे होता. १५०० लाही तसंच जुळलं. थोडं तेल उडतं, फडकं जवळ ठेवा.

रोजच्या वापरात काटा आता शांत असतो. जुना ४५०० च्या वर थरथरायचा, नेमका आकडा अंदाजानेच धरावा लागे. याचा मात्र रेस झटकन दिली तर काटा किंचित मागून येतो. सुरुवातीला तो मधूनच उडीही मारायचा. रेझिस्टन्स असलेल्या, ५ किलोओहमच्या प्लग कॅप लावल्यावर ते थांबलं.

तक्रारी दोन. पावसानंतर काचेत आतून वाफ धरते आणि ती जायला ऊन लागतं. रात्री आयडलिंगला हेडलाइट चालू असेल तर जुना अल्टरनेटर कमी पडतो, मीटरचा दिवा मंदावतो. एकदा तर मीटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. सिग्नलला थांबल्यावर मी आता रेस थोडी वर धरतो.

केबल काढल्यावर ती इंजिनाला जिथे जोडलेली असते त्या ड्राइव्हचं तोंड उघडं सोडू नका, तेल बाहेर येतं. मी आट्यांचं टोपण तांब्याच्या वायसरसह लावलंय, आजवर थेंब नाही. मूळ ब्रॅकेटला एकही नवं भोक पाडलेलं नाही. स्मिथ्सचा मीटर साफ करून कापडात गुंडाळून ठेवलाय. सील बदललं की तो कधीही परत चढेल.