अर्धशिशीसाठी सुमाट्रिप्टान: दीड वर्षाच्या वापरानंतर

मी नारायण पेठेत मुद्रितशोधनाचे काम करते आणि माझी अर्धशिशी बहुधा प्रुफावरच सुरू होते. ओळीतली मधली दोन-तीन अक्षरे दिसेनाशी होतात, त्यांच्या जागी लखलखणारी नागमोडी कड उमटते आणि अर्ध्या तासात डाव्या भुवईच्या वर ठणका लागतो. आमच्या घरी याला ‘पित्त’च म्हणत, कपाळावर सुंठेचा लेप, अंधारी खोली आणि उलटी झाली की उतार, हा क्रम ठरलेला होता. दीड वर्षापूर्वी मज्जाविकारतज्ज्ञांनी सुमाट्रिप्टानची ५० मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली.

ही नेहमीची वेदनाशामक गोळी नव्हे. दाढ किंवा गुडघा दुखत असेल तर तिचा काडीचाही उपयोग नाही, कारण तिचे काम सेरोटोनिनच्या ठरावीक रिसेप्टरांवर, म्हणजे त्याचा संदेश टिपणाऱ्या पेशींवरच्या जागांवर चालते. सेरोटोनिन म्हटले की आपल्याला मन प्रसन्न ठेवणारे रसायन एवढेच आठवते. वास्तविक शरीरातले बहुतांश सेरोटोनिन आतड्यात असते. (पित्ताला दोष देणाऱ्या आजीचा निशाणा अगदीच चुकला नव्हता, असे मला उगाचच वाटते.) झटक्याच्या वेळी सेरोटोनिनच्या विघटनातून तयार होणारे द्रव्य लघवीवाटे जास्त बाहेर पडते, असे इटलीतील संशोधक सिकुतेरी यांना १९६१ मध्ये आढळले. त्याच सुमारास शिरेतून सेरोटोनिन दिल्यास डोके उतरते हेही दिसले होते, पण ते सगळ्या शरीरावर परिणाम करत असल्याने औषध म्हणून देण्याजोगे नव्हते. मग ग्लॅक्सो कंपनीत पॅट्रिक हम्फ्री यांच्या गटाने मोजक्याच रिसेप्टरांवर काम करणारे सुमाट्रिप्टान घडवले आणि १९९१ मध्ये ते बाजारात आले. मेंदूच्या आवरणातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या ते आकुंचित करते आणि चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या टोकांतून सीजीआरपी हे वेदना चेतवणारे द्रव्य सुटू देत नाही. म्हणजे ही गोळी सेरोटोनिन वाढवत नाही, दोन-तीन ठिकाणी त्याची नक्कल करते.

पहिल्या वेळी मी ती वाया घालवली. काम संपवूनच घेऊ म्हणून दोन तास थांबले आणि गोळी उलटीबरोबर बाहेर पडली. झटक्यात पोटाची हालचाल मंदावते, आणि तोंडाने घेतलेल्या सुमाट्रिप्टानपैकी एरवीही जेमतेम १४ टक्के रक्तात पोहोचते, हे मला नंतर कळले. पुढच्या खेपेला मुठेकाठी ढोल-ताशाचा सराव चालू होता आणि ताशाची प्रत्येक काडी डोळ्यामागे वाजत होती. ठणका लागताच गोळी घेतली. पाऊण तासाने ताशा ऐकू येत होता, पण तो नदीवर होता, डोक्यात नव्हता. त्याआधी मात्र गळा आवळल्यासारखा झाला, मान जड पडली आणि गालांना मुंग्या आल्या. डॉक्टरांनी याची कल्पना दिली नसती तर मी घाबरून रिक्षा बोलावली असती.

औषधाचा अंमल लवकर ओसरतो, त्यामुळे चार-पाच झटक्यांपैकी एखाद्या वेळी रात्री दुखणे परतते. मग किमान दोन तासांचे अंतर राखून दुसरी गोळी घेता येते. प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा २०० मिलिग्रॅमची आहे. हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांना ती चालत नाही, कारण ती हृदयाच्या रक्तवाहिन्याही थोड्याफार आवळू शकते. नैराश्यावरची औषधे चालू असतील तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे लागते.

माझी तक्रार गोळीपेक्षा तिच्या विक्रीबद्दल आहे. मला मिळणाऱ्या स्ट्रिपवर मराठीचे एक अक्षर नाही आणि इंग्रजी मजकूर असा बारीक आहे की मुद्रितशोधकालाही भिंग लागावे, मग डोके धरून बसलेल्या माणसाने तो कसा वाचावा? एका दुकानदाराने तर “ताई, रोज एक घेतलीत तरी काही होत नाही,” असे छातीठोकपणे सांगितले. होते, महिन्यात १० किंवा अधिक दिवस ट्रिप्टान (सुमाट्रिप्टान ज्यात मोडते तो औषधांचा गट) घेत राहिल्यास औषधामुळेच डोकेदुखी जडू शकते. म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी मी लाल पेनाने गोळ्या मांडते. या महिन्यात दुधाचे खाडे चार आहेत आणि गोळ्या तीन.