नॅलोक्सोन नाकातला स्प्रे (४ मिलिग्रॅम): उत्तम साधन, पण परिणाम लवकर ओसरतो

मॉर्फिन, हेरॉइन, फेंटानिल या अफूच्या कुळातल्या पदार्थांचा डोस जास्त झाला की माणूस दगावतो तो बहुतेक वेळा श्वास बंद पडून. वेदना शमवणाऱ्या ग्राहींसारख्याच ग्राही (पेशींवरच्या, असे पदार्थ जिथे चिकटतात त्या जागा) मेंदूतल्या श्वसनकेंद्रातही असतात. हे पदार्थ त्यांना चिकटले की ते केंद्र मंदावतं आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साचूनही श्वास घ्यायचा हुकूम सुटत नाही. नॅलोक्सोन त्याच ग्राहींना जास्त घट्ट चिकटतं आणि आधीच्या पदार्थाला तिथून हुसकावून लावतं.

वापर सोपा आहे, सुई लागत नाही. हाका मारून, छातीचं हाड मुठीने जोरात चोळूनही माणूस जागा होत नसेल, श्वास अगदी मंद किंवा घरघरता असेल, ओठ निळसर आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर थांबू नका. रुग्णवाहिका बोलवा, उताणं झोपवून मान मागे करा, बोटं नाकाला टेकेपर्यंत नळी नाकपुडीत सरकवा आणि दट्ट्या पूर्ण दाबा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे आधी हवेत दाबून बघणं. आत एकच डोस असतो, तो तिथेच संपतो. श्वास चालत नसेल तर दर ५ सेकंदांनी एक याप्रमाणे तोंडाने श्वास द्या. स्वतः श्वास घेत असेल तर कुशीवर वळवा. २ ते ३ मिनिटांत फरक नसेल तर नवा स्प्रे दुसऱ्या नाकपुडीत.

खरी उणीव पुढे आहे. याचा परिणाम साधारण ३० ते ९० मिनिटं टिकतो. मेथाडोन (दीर्घकाळ टिकणारं अफूजन्य औषध) किंवा संथपणे झिरपणाऱ्या अफूजन्य गोळ्या त्याहून कितीतरी जास्त वेळ शरीरात राहतात, त्यामुळे उठून बसलेल्या माणसाचा श्वास पुन्हा बंद पडू शकतो. ‘बरा झाला’ म्हणून त्याला एकटं सोडणं फार धोक्याचं. सवय असलेल्याला उलट्या, घाम, चिडचिड होते, कधी तो अंगावरही धावून येतो. ती अचानक सुटलेल्या नशेची लक्षणं आहेत, त्याच्याशी वाद घालू नका. आणि पुन्हा नशा करू देऊ नका.

दारू, झोपेच्या गोळ्या, झायलाझिन (जनावरांना गुंगी आणणारं औषध) यांवर हा स्प्रे चालत नाही. पण या गोष्टी अनेकदा अफूजन्य पदार्थांसोबत घेतलेल्या किंवा त्यांत मिसळलेल्या असतात, म्हणून शंका असली तरी द्यावाच. अफूजन्य काही घेतलेलं नसेल तर सहसा नुकसान होत नाही.

गोठू देऊ नका, उन्हात ठेवू नका, मुदत तपासा. बेशुद्ध माणूस स्वतःला स्प्रे देऊ शकत नाही, म्हणून तो कुठे ठेवलाय हे सोबतच्यांना ठाऊक हवं.